बोहणीला परत नेलेला लॅपटॉप
उदाचा वास आला की मला आमच्या कुंभकोणमच्या बाजारातला लॅपटॉपवाला दुकानदार आठवतो. नातीला गेम खेळायला लॅपटॉप हवा होता, स्वस्त पण दणकट. “आजी, आधी ग्राफिक्स कार्ड बघ गं,” ती सांगत होती; साठीतली अल्लड मी मात्र कीबोर्डच्या लाल दिव्यांवर भाळले आणि त्याच्याकडून तोच लॅपटॉप घेतला. घरी गेम सुरू केला की तो तव्यासारखा तापून बंद पडे. तक्रार केली, तर दुकानदार हसला, “पाट्टी,” म्हणजे आजी, “या वयात कसले गेम?” मग शुक्रवारी सकाळी, दुकान उघडून त्याने ऊद फिरवताच, मी लॅपटॉप काउंटरवर आदळला. “पहिलं गिऱ्हाईक मीच. बोहणीलाच माल परत घेतोस की चांगला बदलून देतोस?” घाम पुसत त्याने बदलून दिला. आजही सकाळी बाजारात जाताना, बोहणीच्या वेळी, मी त्याच्या दारात थांबते. तो दचकून उभा राहतो. मला काहीच घ्यायचं नसतं.