जामीनदार वरच्या मजल्यावर राहतो

कर्ज फेडायला आम्हाला चार वर्षं लागली. या चार वर्षांत मुद्दल कमी होत गेलं आणि किस्से वाढत गेले. आता कोणी घरी चहाला आलं की आम्ही एक सांगायला घेतो, त्यातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. पल्लवी म्हणते, "पैसे नाही जमले आपल्याकडे, पण हे भरपूर जमलं." पल्लवी म्हणजे माझी बायको. आमच्या घरची अर्थमंत्री, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेताही तीच.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. फ्लॅट घेताना बँकेने होमलोन दिलं, पण आपल्या खिशातले जे भरायचे असतात त्यात तीन लाख कमी पडले. ते एका पतपेढीतून काढले. पतपेढी म्हणाली, दोन जामीनदार आणा. मी वरच्या मजल्यावरच्या नंदूला आणि समोरच्या सॅवियोला पकडलं. नंदू साताऱ्याकडचा, कुरिअर कंपनीत सुपरवायझर. सॅवियो इथलाच, गिरीजचा. पुढच्याच महिन्यात नंदूला बहिणीच्या लग्नासाठी कर्ज लागलं आणि सॅवियोला त्याच्या बायकोच्या, जेसिकाच्या पार्लरसाठी. पतपेढी तीच, जामीनदारही तेच. मी त्या दोघांना जामीन, ते दोघे मला जामीन. एकाचा हप्ता चुकला तर उरलेल्या दोघांच्या पगाराला कात्री.

त्या दिवसापासून आमच्यात खासगी असं काही उरलं नाही. कोणाच्या दारात खरेदीचा खोका आला की बाकीचे दोघे पाणी मागायच्या निमित्ताने घरात यायचे.

* * *

पहिला बळी सॅवियो. हप्त्याची तारीख दहा. आठ तारखेला संध्याकाळी जिन्यात सुरमई तळल्याचा वास सुटला. नंदू खाली उतरला आणि त्याने सॅवियोची बेल वाजवली.

"हप्ता भरलास?"

"परवा भरतो ना."

"मग सुरमई कशी?"

 सॅवियोने नंदूला आत घेतलं, पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. जामीनदाराने शांतपणे चार तुकड्या खाल्ल्या, हात धुतला आणि दारात जाऊन म्हणाला, "मासळी फ्रेश होती. आता हप्ता भर."

पण नंदू तेवढ्यावर थांबणारा नव्हता. अर्नाळ्याहून टोपली घेऊन येणाऱ्या यमुनामावशींना त्याने सगळी हकिकत सांगितली. पुढच्या महिन्यात सॅवियोने पापलेटाला हात लावला, तर मावशींनी त्याच्या हातातून पापलेट काढून घेतलं.

"कोन म्हनला तुला पापलेट घे? आदी पतपेढीचा भर. दहा तारखेपर्यंत तुला सुका जवला."

धंदा सोडून गिऱ्हाइकाचं बजेट सांभाळणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

* * *

नंदू दुसऱ्यांवर पहारा ठेवायचा, पण स्वतः काही कमी नव्हता. त्याने हप्त्यावर नवा फोन घेतला, तोही महागातला. आम्हाला कळू नये म्हणून जुन्या फोनचं कळकट, कोपरा फाटलेलं कव्हर त्याला कसंबसं ताणून बसवलं. दीड महिना कोणाला पत्ता लागला नाही. बायकोलाही नाही. वैशालीवहिनींना तो सांगायचा की सर्व्हिसिंग करून आणला.

मग एक दिवस गच्चीवरची टाकी गळायला लागली. नंदू सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने उत्साहाने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचं 'प्लंबरला बोलवा', 'वर्गणी काढा' सुरू झालं. पल्लवीने मात्र फोटो मोठा करून बघितला आणि ग्रुपवर लिहिलं :

"नंदूभाऊ, पाण्याचा थेंब न् थेंब मोजता येतोय. फोन कधी घेतला?"

 मग वैशालीवहिनींचा मेसेज आला, "अहो, खाली या." नंदू गच्चीवर, हाकेच्या अंतरावर होता, तरी मेसेज ग्रुपवरच आला. रविवारी तो फोन उरलेल्या हप्त्यांसकट नंदूच्या मेव्हण्याकडे गेला. आमच्या टाकीचे फोटो पुन्हा धुरकट यायला लागले.

* * *

आता आमच्या घराची पद्धत. पगार झाला की पल्लवी रोख पैसे काढून पाकिटांत वाटते. पाकिटं विकत आणायची नाहीत, असा तिचा कायदा. आमच्या लग्नात आलेली आहेराची पाकिटं तिने जपून ठेवली होती. लाल-सोनेरी, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. त्यांवर पेनाने लिहिलेलं : दूध. गॅस. ईशाची फी. रिक्षा. ईशा म्हणजे आमची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. एका पाकिटावर लिहिलं होतं : आईचा दात. माझ्या आईचं रूट कॅनल करायचं होतं, त्यासाठी तीन महिने थोडे थोडे करून पाच हजार जमवले होते.

गिरीजहून आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या हरिभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. आहेराचं पाकीट वेगळं काढून ठेवलेलं, त्यात पाचशे एक. निघताना घाईत मी कपाटातून लाल पाकीट उचललं आणि निघालो. सगळीच लाल, मी काय करू?

त्यांच्याकडे आहेर माइकवर पुकारायची पद्धत. एक जण पाकीट उघडतो, रक्कम वहीत लिहितो आणि दुसरा पुकारतो. आम्ही जेवणाच्या पंगतीत बसलो होतो. जिलेबी वाढत होते. तेवढ्यात स्पीकरमधून खणखणीत आवाज आला :

"नालासोपाऱ्याचे आईचा दात यांजकडून, रुपये पाच हजार!"

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मी जिलेबीकडे पाहिलं. आई माझ्या शेजारी एका बाजूने गाल धरून बसली होती. ती म्हणाली, "दात माझा आहे. निदान नाव तरी माझं पुकारायचं होतं."

दिलेला आहेर परत मागत नाहीत. पण हरिभाऊंना कुठून तरी सगळं कळलं. सोमवारी ते दारात आले ते केळ्यांचा अख्खा घड घेऊन. म्हणाले, "लेकीचा आहेर आहे साहेब, पैशाला हात लावता येत नाही. पण वाडी माझी आहे. फिटेपर्यंत केळी खा."

चार महिने आम्ही केळी खाल्ली. शिकरण, कोशिंबीर, शिऱ्यात केळं, केळफुलाची भाजी, डब्यात केळं. फळांचं पाकीट उघडलंच नाही, आणि त्याच पैशातून पुढे दात झाला. तोपर्यंत आईची अडचण अशी काही झाली नाही. तिला केळ्याशिवाय दुसरं काही चावताच येत नव्हतं.

* * *

पोरांसमोर बोलू नये म्हणतात ते उगाच नाही. ईशाला चार वर्षांची असल्यापासून मुद्दल आणि व्याज वेगळं असतं हे माहीत होतं.

पल्लवीच्या मावसबहिणीचे यजमान नवीन गाडी घेऊन आम्हाला दाखवायला आले. काळी, भली मोठी, वरून उघडणारी काच. आम्हाला सगळ्यांना बसवून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेलं. वाटेत मागच्या सीटच्या गादीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्याच्या किमती सांगितल्या. मधूनच मला म्हणाले, "तुम्ही पण आता दुचाकी सोडा हो. किती दिवस असं मन मारून जगणार?"

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. मी खिडकीतून बाहेर वाळत घातलेले बोंबील बघत बसलो.

किनाऱ्यावर त्यांनी ईशाला गोळा घेऊन दिला. तिने एक भुरका मारला, गाडीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमचे जामीनदार कोण?"

काकांनी परतीच्या वाटेवर कशाचीच किंमत सांगितली नाही.

* * *

चौथ्या वर्षी पल्लवीला दिवस गेले. पहिल्या रविवारी आमच्या तिन्ही घरांची बैठक असायची, त्या बैठकीत तिने सांगितलं. जेसिकाने तिला मिठी मारली, सॅवियोने टाळ्या वाजवल्या. नंदूने बोटांवर मोजलं आणि विचारलं, "म्हणजे सात महिने. बाकी किती?"

"ब्याण्णव हजार," पल्लवी म्हणाली.

सगळ्यांनाच गणित कळत होतं. पल्लवी जवळच्या प्लेस्कूलमध्ये शिकवायची. तिथे भरपगारी रजा नाही, आणि पतपेढीचा हप्ता तिच्याच पगारातून जायचा. ईशाच्या वेळी ती दीड महिन्यात कामावर गेली होती. मधल्या सुट्टीत घरी धावत यायची, पोरीला पाजायची आणि रडत परत जायची.

"या वेळी मी जाणार नाही," ती म्हणाली. "मला वर्षभर बाळाजवळ राहायचंय. सात महिन्यांत हे कर्ज संपलं पाहिजे. कसं ते मला माहीत नाही."

मग आम्ही जे केलं त्याला बजेट म्हणत नाहीत, मोहीम म्हणतात. मी शनिवार-रविवारी एका दुकानाचं जीएसटीचं काम धरलं. दिवाळीचा बोनस घरी न येता परस्पर पतपेढीत गेला. दिवाळीचा फराळ आईने केला आणि कपडे गेल्या वर्षीचे घातले. यमुनामावशींनी आम्हालाही जवल्यावर आणलं. मात्र पल्लवीसाठी रोज वेगळे दोन बांगडे, त्यांचे पैसे घ्यायच्या नाहीत. "ते तिचं नाय, पोटातल्याचं," म्हणायच्या.

* * *

डोहाळजेवणाची चिठ्ठी वैशालीवहिनींनी काढली. त्यात शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : साडी आणू नये, बाळाचे कपडे आणू नयेत, खेळणी तर मुळीच आणू नयेत.

बायका आल्या. फुलांचे दागिने घातले, ओटी भरली. गिरीजहून सॅवियोची आईही आली होती. प्रत्येकीने ओटीत नारळ-तांदळाबरोबर एक एक घडी केलेली नोट ठेवली. साडीचे, झबल्याचे, खुळखुळ्याचे जे पैसे झाले असते ते. सगळं झाल्यावर मोजले तर साडेअकरा हजार.

पल्लवी त्या दिवशी रडली. चार वर्षांत मी तिला पैशांवरून भांडताना पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं, रडताना नव्हतं. सॅवियोच्या आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आता किती राहिलेत गो?"

पल्लवीने डोळे पुसले. "सोळा हजार चारशे."

* * *

ते सोळा हजार चारशे महिनाअखेरीच्या शनिवारी भरायचे ठरले. त्या दिवशी एक वाजेपर्यंत भरले नाहीत, तर सोमवारपासून पुढच्या महिन्याचं व्याज लागणार होतं. पल्लवीची तारीख अजून बारा दिवस लांब होती.

शनिवारी सकाळी आठला तिला कळा सुरू झाल्या.

आम्ही तिला नर्सिंग होममध्ये नेलं. तिची आई होती, वैशालीवहिनी होत्या. मी खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होतो. साडेअकराला तिने मला आत बोलावलं. घामाने भिजलेली, दात आवळलेले.

"पैसे कुठायत?"

"खिशात."

"मग इथे काय करतोयस? तुला यायच्यात का कळा? जा, भरून ये."

"अगं, पण..."

"आणि कागद घेऊन ये. नील झाल्याचा. कागदाशिवाय येऊ नकोस."

पतपेढी तिथून दहा मिनिटांवर. मी पोचलो तेव्हा खिडकीवर रांग. मॅनेजर गंभीर गृहस्थ, चार वर्षांत हसलेले पाहिले नव्हते. मी सांगितलं, बायको लेबर रूममध्ये आहे. त्यांनी मला रांगेतून पुढे घेतलं, स्वतः पैसे मोजले, खातं बंद केलं आणि कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र काढून सही करून हातात दिलं. तेवढ्यात वैशालीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, झालं! दोघं सुखरूप. या लवकर." आणि फोन कट.

मी धावत गेलो. दारातच नर्सने सांगितलं, बाळाला डॉक्टर तपासतायत, पाच मिनिटं थांबा, आईला भेटा. मी आत गेलो. पल्लवी डोळे मिटून पडली होती. चेहरा पांढरा पडलेला, पण इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने तळवा उघडला.

"कागद."

मी पत्र दिलं. तिने पडल्या पडल्या ते वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, खाते क्रमांकासकट. मग उलटं करून मागची बाजू बघितली.

"शिक्का कुठाय याच्यावर?"

मी घड्याळ बघितलं. एकला दहा कमी. मी पुन्हा धावत सुटलो.

पतपेढीचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरलो. मला पाहून मॅनेजर खुर्चीतून उठले आणि चार वर्षांत पहिल्यांदा हसले.

"अभिनंदन, अभिनंदन! काय झालं? मुलगा की मुलगी?"

"आधी शिक्का मारा साहेब," मी म्हणालो. "ते अजून विचारायचं राहिलंय."