कोशाशिवायची भाषा

पंपांच्या कारखान्यात तिला सगळे ‘कानवाली’ म्हणत. तयार पंप चाचणीला लावला की ती स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायची, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायची. तिनं नापास केलेला पंप दाराबाहेर जात नसे.

घरी मात्र ती विज्ञानकथा लिहायची. बर्फाखालच्या समुद्रात, मिट्ट काळोखात राहणारी माणसं. भिंतीला तळहात लावून एकमेकांचं बोलणं ऐकणारी. त्यांच्यासाठी तिनं अख्खी भाषा घडवली होती. रंगाला एकही शब्द नाही, पण थरथरीला सतरा! तीन वर्षं खपून नऊशे शब्द झाले होते, आणि कथेच्या शेवटी सहा पानांचा कोश.

रविवारी मासिकाच्या संपादकांचा फोन आला. “कथा आवडली, पण कोश छापणार नाही. वाचक मागची पानं उलटत बसत नाही, सरळ मासिक मिटतो. कोशाशिवाय कळेल असं करा, नाहीतर ती भाषा काढून टाका. शुक्रवारपर्यंत.”

भाषा काढायची? मग कथेत उरणार काय, नुसता बर्फ?

कारखान्यात एक नियम होता: ज्यानं पंप जोडला त्यानं तो तपासायचा नाही. तिनं कोश बाजूला काढला आणि उरलेली कथा सासूबाईंच्या हातात दिली, वर पेन्सिल. “आई, जिथे अडाल तिथे फुली मारा.”

“अगं, मी पेपरातले निधनाचे चौकोन सोडून काही वाचत नाही,” सासूबाई म्हणाल्या, पण चष्मा लावला. तासाभरानं कागद परत आले. फुल्या त्रेचाळीस!

“पहिल्याच पानावर नुसती ठेचकाळले बाई. नमनाला घडाभर तेल! एवढं बोलल्यावर ही माणसं मासे पकडतात कधी?”

नवरा पेपराआडून म्हणाला, “तू एक तास सोसलंस आई. मी तीन वर्षं सोसतोय.”

तिनं दोघांकडे दुर्लक्ष केलं आणि काट मारायला बसली. थरथरीच्या सतरा शब्दांतला एक ठेवला. पहिले दहा खोडताना जीव तुटला, पुढचे सरसर गेले. जे राहिले त्यांच्याभोवतीची वाक्यं तिनं पुन्हा बांधली. शब्द आला की पात्राच्या हातून काहीतरी घडलंच पाहिजे. मंगळवारी सासूबाईंनी पुन्हा वाचलं, फुल्या अठरा. गुरुवारी एकही नाही.

“झालं! पाठव आता,” नवरा म्हणाला.

एवढ्यात सासूबाई बोलल्या, “तो ‘झिलव’ का गं काढलास? पाण्याच्या मंद थरथरीला चांगला शोभत होता.”

तिचा हात थांबला. झिलव तिनं सोमवारीच खोडला होता. म्हणजे सासूबाई आता भाषा शिकल्या होत्या! त्यांना सगळं कळलं यात कथेची कसली परीक्षा? तिला कोरा वाचक हवा होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं वेल्डरला गाठलं. कारखान्यातला सगळ्यात तिरसट माणूस. कुणाला बरं वाटावं म्हणून मान डोलावणार नाही. त्यानं हात पुसले, कागद घेतले आणि कुरकुरत वाचू लागला. दोन फुल्या पडल्या. मग पेन्सिल थांबली. शेवटच्या पानाआधी त्यानं कागद बाकावर आपटले.

“हा माणूस आहे का कोण? भिंतीला हात लावून तमुर दिला ना त्यानं तिला? सोडून जाणार नाही म्हणून? मग तमुर मोडून एकटाच वर कसा निघाला?”

तमुरचा अर्थ तिनं कथेत कुठेच सांगितला नव्हता. तिनं हळूच विचारलं, “तमुर म्हणजे?”

“मला काय विचारतेस? तूच लिहिलंयस! आणि असल्या माणसाचा तमुर मी तर घेतलाच नसता.”

तिनं पेन्सिल उचलून परत त्याच्या हातात दिली. “शेवटचं पान राहिलंय. अर्धी चाचणी मी धरत नाही.”

तो वाचत राहिला. ती समोर उभी राहून पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. टोक कागदाला टेकलं नाही.

भोंगा व्हायला सात मिनिटं होती. त्याच्या दोन फुल्यांवरचे दोन शब्द तिनं तिथेच बाकावर बसून कायमचे खोडले आणि कथा पाठवून दिली. भाषेसकट.