दिगंबरचे खिळे

दिगंबरच्या तेरवीच्या आदल्या दिवशी मी त्याची घंटी कचऱ्याच्या गाडीत टाकली. म्हणजे घंटी वाजवणारं सगळं टाकलं, नुसती घंटी राहिली. पूर्ण शुद्धीत टाकलं, आणि वर गाडीवाल्याला ‘जरा थांब, अजून आहे’ असंही म्हणालो. पाहुणे येणार, ओसरीत पाय ठेवायला जागा नाही, सुमनवहिनी आत भिंतीला टेकून बसलेल्या. मित्र म्हणून आपण काहीतरी करावं, या उमाळ्यानं मी झाडू हातात घेतला. ओसरीच्या भिंतीला ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर काहीतरी लटकलेलं. मोडक्या छत्रीच्या काड्या, गाळणीची कडी, मिक्सरचं फुटकं झाकण. सगळं काढलं. अंगणातल्या नळाखाली सुतळीला बांधलेली एक कापलेली बाटली लोंबत होती, तीही काढली. भिंत मोकळी झाली. नुसते खिळे राहिले… मला वाटलं, बरं दिसतंय.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. परभणीतच चित्रकला शिकवून निवृत्त झाला. त्याच्या घरात कुठलीही वस्तू मोडली की ती आधी खिळ्यावर जायची आणि तिथं लटकत राहायची, कधी महिनाभर, कधी वर्षानुवर्षं. रोज सकाळी दात घासताना तो एकेकीकडे बघायचा. लोकांना वाटायचं, ह्याला काही टाकवत नाही. तसं नव्हतं. बाटलीला रंग लावा, कागदी फुलं खोचा, असलं पेपरात छापून आलं की तो चिडायचा. “फुलदानी कुणाला पायजे रे? घरात फुलं हायेत का?” घरात कुणाची अडचण झाली की मगच तो खिळ्यांपुढं जाऊन उभा राहायचा. आधी अडचण, मग डबा. माझा क्रम नेमका उलटा. त्याचं बघून मी जुन्या सीडींची माळ करून गच्चीवर बांधली. कशासाठी, ते नंतर ठरवू म्हणून. दुपारी तिची तिरीप समोरच्या म्हातारबांच्या डोळ्यांवर नाचायला लागली आणि ते काठी घेऊन आमच्या दारात आले. दिगंबरनं माळ उतरवली, “अडचण तयार करणारा तू पयलाच,” म्हणाला आणि ती स्वतःच्या खिळ्यावर नेऊन टांगली.

एकदा आम्ही देवगाव फाट्याला माझ्या मेव्हण्याकडे गेलो होतो. निघताना त्यानं मेव्हण्याच्या बंद पडलेल्या टेबलफॅनची जाळी मागून घेतली आणि बसमध्ये खुशाल माझ्या मांडीवर ठेवली. कंडक्टरनं विचारलं, “काका, हे काय न्यायलाव?” मला लाज वाटली. म्हणालो, “पंखा. दुरुस्तीला.” तो म्हणाला, “पंखा कुठाय? हा तर पिंजरा हाय.” खिडकीबाहेर बघत दिगंबर म्हणाला, “पंखा उडाला सायेब. पिंजरा तेवढा राह्यला.” अख्खी बस हसली, आणि परभणी येईपर्यंत मी तो पिंजरा मांडीवर घेऊन बसलो. त्या उन्हाळ्यात वहिनींच्या पापडांवर सारख्या माशा बसायच्या. दिगंबरनं जाळीवर जुनी मच्छरदाणी शिवून झाकण करून दिलं. ते अजून आहे. त्या दिवशी ते गच्चीवर होतं, म्हणून माझ्या तावडीतून वाचलं.

मग तो खाटेला लागला. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि आलं तेव्हा भरलं नाही तर पुढचे कितीतरी दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. वहिनी नळाजवळ बसल्या तर त्याच्याजवळ कुणी नाही. त्याच्याजवळ बसल्या तर पाणी निघून जायचं. त्यात त्यांचे गुडघे. तेव्हा त्यानं पडल्या पडल्या खिळ्यांवरचं एकेक मागवून घेतलं. खोबरेल तेलाची बाटली, छत्रीची काडी, दोऱ्याचं रीळ, जुन्या सायकलची घंटी. नळ उघडाच ठेवायचा. पाणी आलं की बाटली भरायची, भरली की कलंडायची, कलंडताना सुतळी ओढली जायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत घंटी वाजायची. रिकामी झाली की पुन्हा सरळ. पाणी आहे तोवर ट्रिंग, ट्रिंग. मी भेटायला गेलो तेव्हा काडी घालण्यापुरतं भोक पाड म्हणाला. मी तापल्या सळईनं इतकं पाडलं की त्यातून अंगठा गेला. त्यानं बाटली डोळ्यांपुढं धरली, त्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “राहू दे. तू च्या पी.” मग बराच वेळ नुसता श्वास… “ती नळापासून उठली पायजे बघ,” एवढंच बोलला. तीच शेवटची भेट. दुसरी बाटली त्यानं स्वतःच केली असणार; ती नळाखाली लागलेली मी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून काढताना ओळखलीही नाही.

तेरवी झाली, त्यांचा मुलगा पुण्याला परत गेला. मी गेलो तर वहिनी अंगणात नळाशेजारी खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसलेल्या. “पाण्याची वाट बघायलेय,” म्हणाल्या. “घंटीचं सगळं कुणी काढलं कळंना भावजी.” मी सांगितलं. “टाकलं?” बास, एवढंच. दिगंबरला खांदा देतानाही मी इतका थकलो नव्हतो. या वयात ओळखीची घरं एकेक करून कमी होतात, आणि जे उरलंय तिथं जाऊन आपण हे असे उद्योग करतो.

मी पुन्हा बनवतो म्हणालो. दोन दुपारी घालवल्या. गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा घेतला. मोठा म्हणजे मजबूत, असा माझा हिशेब. वहिनींना नळापासून उठवून आत आणलं, चहा झाला, आणि आम्ही दोघं खिडकीतल्या घंटीकडे बघत बसलो. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, “काकू, भरलं का? पाणी करंगळीएवढं आलं अन् गेलं बी!” त्याच क्षणी अंगणात डबा कलंडला. ट्रिंग.

“ह्यांची पाणी आल्यावर वाजायची,” वहिनी म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात देत त्या उठल्या. न्हाणीतून फिनेलची रिकामी बाटली आणली, कात्री घेतली. दिगंबर करत होता तेव्हा त्या शेजारीच बसलेल्या होत्या. मी सुतळी धरायला पुढं झालो, तर म्हणाल्या, “तुमी बसा.”

परवा गेलो तेव्हा ती खुर्ची ओसरीत आली होती. वहिनी आत तांदूळ निवडत होत्या. नळाजवळ कुणीच नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्यांवर हळूहळू काहीबाही परत आलंय. बिनकडीची गाळणी, चष्म्याची एक काडी, आणि मधल्या खिळ्यावर माझा पाच लिटरचा डबा. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, “वहिनी, हा कशाला ठेवला? जाताना टाकतो गाडीत. कसलाच उपयोग नाही त्याचा.”

वहिनींनी तांदळातून मानही वर केली नाही.

“हात लावू नका. तुमचा बी उपयोग ह्यांना जन्मभर सापडला न्हाई. तुमाला टाकलं का त्यांनी?”