सावडीतला माणूस

मामाला कारखान्याच्या गेटवर अडवलं, त्या दिवशी तो दुपारीच घरी आला आणि भरलेला डबा मामीच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "भूक नव्हती." खरं काय ते मला संध्याकाळी कळलं. मॅनेजरने वॉचमनकरवी निरोप दिला होता, 'तुमचा ठेका संपला.'

मामी हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाली, "ठेका? म्हणजे इतकी वर्षं मी ठेकेदारीण होते? कुणी सांगायचं तरी. मी बुवापाड्याच्या सार्वजनिक नळावर पाण्यासाठी भांडत बसले नसते."

मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत पितळी नळांना पॉलिश करायचा. फिरत्या चाकावर नळ धरायचा, चकाकेपर्यंत. मशीन कंपनीचं, चाक कंपनीचं, वीज कंपनीची. सकाळी भोंग्याच्या आत पोहोचायचं आणि सुपरवायझर सांगेल तो माल आधी काढायचा. फक्त पैसे नगावर मिळायचे. त्या एका गोष्टीवर कंपनीने पूर्वी कधीतरी त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर सही घेतली होती, की हा स्वतंत्र ठेकेदार आहे. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याने कामगार विम्याचं कार्ड मागितलं. विमा कामगारांना असतो, ठेकेदारांना नाही, असं उत्तर मिळालं. त्याने पुन्हा मागितलं, आणि गेट बंद झालं.

मामाला एवढंच हवं होतं: परत आत जायचं होतं, पण आता कामगार म्हणून.

मी त्याच्या घरी राहून शिकले. बारवी धरणाच्या बाजूच्या आमच्या पाड्यावरून बदलापूरच्या शाळेपर्यंत जमलं, पण कॉलेजसाठी मामाने मला अंबरनाथला, बुवापाड्यात आणलं. एका खोलीत आम्ही सगळे. माझी परीक्षा असली की तो टीव्हीची वायरच काढून ठेवायचा. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. पेढे मात्र त्याने कारखान्यात वाटले. आता मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कामगार कायद्याचं काम बघणाऱ्या एका वकिलांकडे नोकरी करते. त्यामुळे मामाला वाटलं, आता काळजी नाही. "आमची सायबीण हाय ना," असं तो गल्लीत सांगत फिरला.

माझे वकीलसाहेब सिंधी. बोलतात अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांनी मला समजावलं, "बेटा, कागदावर काय लिहिलंय ते सोड. कोर्ट बघतं, काम कसं करायचं हे कोण सांगतो? हत्यार किसका? वेळ किसका? नगावर पैसे घेतले म्हणून कुणी ठेकेदार होत नाही. आणि एक पक्कं विचार, त्याच्या हाताखाली माणसं होती का? तो आपल्या मर्जीने दुसरा आदमी भेजता था क्या? ठेकेदाराला कामाशी मतलब, स्वतः यायची सक्ती नसते. नोकराला स्वतः यावं लागतं."

मी मामाला विचारलं, "तुझ्या हाताखाली कुणी होतं?"

"माज्या? मीच सगळ्यांच्या हाताखाली."

"तू कधी पगार देऊन माणूस ठेवलास?"

"मला कोन देतोय की मी दुसऱ्याला देनार?"

मी निश्चिंत झाले.

कामगार कार्यालयात तडजोडीची तारीख लागली. अधिकारी शांत होते, मामाला त्यांनी खुर्ची दिली. कंपनीकडून आलेल्या माणसाने फारसा वाद घातला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, पावसाळ्यात तुम्ही लावणीला गावी जायचात ना? मग तुमचं मशीन बंद असायचं का?"

मामा ताठ झाला. "बंद? एक दिवस नाय, साहेब. माजा चुलतभाऊ यायचा. त्याला मीच शिकवलंय. माल कधी थांबला नाय कंपनीचा, विचारा कुनालाही!"

कंपनीचा माणूस अधिकाऱ्यांकडे बघून नुसता हसला. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. तडजोड झाली नाही. आता प्रकरण कामगार न्यायालयात जाणार, आणि हे वाक्य तिथेही आमच्या आधी पोहोचणार.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याच्यावर ओरडलेच. "हे मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस पगारी मानसाचं. तो काय पगारी हाय? सावड हाय आमची."

सावड मला काय तो शिकवणार! मी त्यातच वाढले. आज तुम्ही आमच्या शेतात लावणी करा, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त जायचं. मामा आणि त्याच्या चुलतभावाने हीच रीत शेतातून कारखान्यापर्यंत आणली होती. मामा दोघांचीही भातं लावायला गावी जायचा, तेव्हा भाऊ मशीनवर उभा राहायचा. मशीन गार पडलं तर मालकाचं नुकसान, म्हणून. कायदा म्हणतो, जो दुसऱ्याला पाठवू शकतो तो स्वतःचा धनी. आणि हा माणूस सुट्टी मागायचीही हिंमत नसल्यामुळे दुसऱ्याला पाठवत होता. हे न्यायालयाला कोणत्या शब्दांत सांगायचं, मला कळेना.

"मग कुणालाही पाठवायचास?" मी चिडूनच विचारलं.

"कुनालाही कसा? एकदा त्याच्या धाकट्या भावाला धाडला. सुपरवायझरनं गेटावरून हाकलला. म्हनाला, मोठाच पायजे, नायतर तू ये. मग मी लावनी टाकून आलो."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मामा! हेच तर हवंय! म्हणजे मर्जी तुझी नव्हतीच, त्यांची होती. हे तुझ्या चुलतभावाने कोर्टात सांगितलं की..."

"नाय."

"अरे, एवढंच सांगायचंय!"

"तो आता माज्या मशीनवर हाय," मामा म्हणाला. "मला काढला, दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावला. त्यानं तोंड उघडलं तर त्यालाबी काढतील. सावडीत असं करत नायत, बाय."

घरी मामीने तोंड सोडलं. "बदली धाडला तोच गादीवर बसला, आणि हे त्याचीच काळजी करतायत. उद्या त्याला डबाही आपणच देऊ." मामा म्हणाला, "त्यानं नाय घेतली, दिली त्याला." आणि विषय संपला. वकीलसाहेब म्हणाले, "सुपरवायझर कबूल करणार नाही. धाकटा तर गेटवरूनच परत गेला, आतलं सांगणारा साक्षीदार तोच एक आहे. मना ले उसको." मी मनवायला चुलतमामाकडे गेले नाही. मामाने शपथ घातली होती. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

लावणीच्या दिवसांत मी कोर्टात द्यायच्या कागदावर मामाची सही घ्यायला गावी गेले. तो स्वतःच्या शेतात नव्हता. चुलतमामाच्या शेतात, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. चुलतमामाला सुट्टी मिळाली नव्हती. आता त्याच्या जागी मशीनवर पाठवायला कुणी नव्हतं.

"तुझे गुडघे!" मी बांधावरून ओरडले.

"हायत की अजून," तो म्हणाला. कंबरेवर हात ठेवून सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा वेदनेने आक्रसला, पण माझ्याकडे बघून त्याने तो लगेच नीट केला. "सही कुठं करायची?"

"आधी बाहेर ये. आणि एकदा तरी त्याला विचारू दे मला."

"नाय म्हनलं ना. उभी का? ती मूठ टाक इकडं."

बांधावर रोपांच्या मुठी रचून ठेवल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली, एक मूठ उचलली आणि जोरात फेकली. ती त्याच्यापुढे पडली, चिखल त्याच्या शर्टावर आणि तोंडावर उडाला.

"हळू गं, सायबीण," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मी दुसरी मूठ उचलली.