पायऱ्यांवरची शोकांतिका

मी दत्तात्रेय रामचंद्र शेजवळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर. शिक्षण सातवी, मात्र मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याकडे नोकरी करता करता रंगभूमीविषयी जे जे हाती लागले, ते ते मी वाचून काढले आहे. आता इतके वाचलेल्या मनुष्याने काय दिवे लावले, ते ऐका!

निवृत्तीनंतर मी एक शोकांतिका लिहिली. माझे मेहुणे वसंतराव म्हणाले, "दाजी, मध्यंतरापर्यंत मी जागा राहिलो, तर नाटक चांगलं समजा." आता माघार कशी घ्यावी?

शनिवार पेठेत आयटीतल्या मुलामुलींनी एका गोदामाचे छोटेखानी नाट्यगृह केले होते. ते मी रविवारसाठी भाड्याने घेतले. तिथली व्यवस्था पाहणारी केतकी म्हणाली, "आजोबा, सीटिंग समजावून सांगू का? आमच्याकडे नेहमीसारखं स्टेज नाहीये."

"आवश्यकता नाही. या विषयाचा माझा व्यासंग आहे."

"ओके आजोबा!"

आत पाहतो तो काय! एका अंगाला भिंतीपर्यंत चढत गेलेल्या रुंद लाकडी पायऱ्या आणि समोर मोकळी फरशी. अहाहा! शोकांतिकेला असाच भव्य मंच हवा!

रविवारी केतकीला यायला उशीर झाला. तोवर मी आरामखुर्ची चौथ्या पायरीवर चढवली, तुळशीवृंदावन सर्वांत वर नेले आणि प्रेक्षकांसाठी फरशीवर सतरंज्या अंथरल्या. आमचे नायक, माझे सकाळच्या फिरण्यातले सोबती, गुडघे धरून वर पोहोचले. दोन घंटा झाल्या. इतक्यात केतकी धावत आली.

"आजोबा! अहो, त्या पायऱ्यांवर पब्लिक बसतं!"

सांगा, त्या क्षणी कोणता व्यासंगी मनुष्य चूक कबूल करील?

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "हा प्रयोग आहे."

"पण लाइट्स सगळे फरशीवर आहेत!"

तिसरी घंटा झाली.

प्रेक्षक लखलखीत उजेडात, आणि नायिका अंधारात अखेरचे श्वास मोजते आहे! लोक एकमेकांनाच न्याहाळू लागले. सर्वांत प्रखर दिव्याखाली कोण? वसंतराव! मान मागे, तोंड उघडे.

"आता मला हाक कोण मारील?" नायकाने अंधारातून टाहो फोडला.

वसंतरावांनी दीर्घ घोरून उत्तर दिले.

काय हशा पिकला म्हणता! पुढे प्रत्येक वाक्याला त्यांची साथ. नायिका गेली, टाळ्या झाल्या, वसंतराव दचकून जागे झाले. अंगावर प्रकाश, भोवती टाळ्या. ते उभे राहिले आणि चारी दिशांना नमस्कार करू लागले. सभागृह डोक्यावर घेतले लोकांनी!

बाहेर पडताना एक गृहस्थ मला म्हणाले, "संहिता यथातथाच हो. पण त्या झोपणाऱ्यांचं काम! काय ती सहजता! बरीच तालीम घेतलेली दिसते."

"घ्यावी लागते," मी विनयाने म्हणालो.

तेव्हापासून कोणतीही जागा ठरवताना प्रेक्षक कुठे बसतात, हे मी आधी विचारतो. आणि माझ्या प्रत्येक नाटकात वसंतरावांना भूमिका असते.