आतोबांची त्रिज्या

आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो भीतीपायी घराबाहेर पडला नसणार, म्हणून कुणाला ठाऊक नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे सिन्नरकडचे, अंबडच्या एका कारखान्यात टर्नर. लेथवर गरगर फिरणाऱ्या लोखंडासमोर दिवसभर उभा राहणारा हा माणूस घरी कुकरची शिट्टी व्हायच्या आत अंगणात पळायचा. गॅस बंद केलाय का, हे पाहायला बस स्टॉपवरून दोनदा परत यायचा आणि तिसऱ्यांदा आत्याला पाठवायचा. देवळात गेले तरी घंटा वाजवायचे नाहीत. "वरून तुटून पडली म्हंजे?" आत्या म्हणायची, "लग्नात अंतरपाट काढला तेव्हा सगळ्यांनी अक्षता टाकल्या, हे तेवढे दचकले."

मी दहावी झाले त्या वर्षी, अंबडला नवेनवे कारखाने उभे राहत होते तेव्हा, डिप्लोमाच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं. वडिलांनी आधीच सांगून टाकलं, "नंबर लागला तर शिक. नाही लागला तर शिवणाचा क्लास, आणि मग स्थळं बघायची." ओरडून बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले, म्हणून मी गुपचूप पुस्तक उघडलं. त्यात मला भूमितीची भीती, आणि भूमितीत वर्तुळाची सगळ्यात जास्त. त्रिकोणाला निदान तीन कोपरे असतात, कुठेतरी धरता येतं. वर्तुळाला बाई धरायचं कुठे? आतोबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "गोल माझ्यावर सोड. बावीस वरसं गोलच करतोय. जगात तेवढ्या एकाला मी भीत नाय."

मग दर रविवारी ते यायचे. खिशात फडक्यात गुंडाळलेला, मापं घ्यायचा व्हर्नियर आणि पिशवीत भंगारातून लेथवर कातलेल्या, मधे भोक असलेल्या पितळी चकत्या. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे पुस्तकात मी दहा वेळा वाचलं होतं. आतोबांनी चकतीवर रेघा ओरखडल्या आणि त्या कोनात सुताराचा गुण्या ठेवला. "हलव बिंदू कुठं बी. बसतोय का नाय?" बसत होता! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. पण या गुरूंची एक गोम होती. ते त्रिज्या मानायचेच नाहीत. टर्नरचं सगळं काम व्यासावर. ड्रॉइंगवर व्यास, व्हर्नियरमध्ये व्यास. "आम्ही बुश करतो, म्हंजे पोकळ नळकांडं, मधोमध भोक. तुझं ते केंद्र कुठं ऱ्हातं? हवेत! हवेला व्हर्नियर लावू का मी?" क्षेत्रफळसुद्धा त्यांनी मला व्यासावरूनच शिकवलं. दोन महिन्यांत माझी अशी गत झाली की वर्तुळाशेजारी आकडा दिसला की तो व्यासच.

परीक्षा आली. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर असेल त्यावर पेन्सिलीने गोल करायचा. म्हणजे उत्तरालाही गोलच! पण वर्तुळाचे प्रश्न भराभर सुटत गेले. सातच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेअडतीस, आणि पर्यायात साडेअडतीस हजर. मी मनात आतोबांना नमस्कार केला. वर्तुळाचा पाचवा आणि शेवटचा प्रश्न स्पर्शिकेचा होता. त्याचं उत्तर असं विचित्र आलं की चारही पर्यायांत नाही. दोनदा केलं, तेच. मग प्रश्न पुन्हा वाचला. त्रिज्या पाच सेंटिमीटर. मागे गेले. त्रिज्या सात. त्रिज्या. त्रिज्या. पेपर काढणाऱ्या मेल्याने व्यास धरणाऱ्यांसाठी चुकीची उत्तरंही मुद्दाम छापून ठेवली होती. पाच मिनिटं उरली होती. मी खोडत सुटले. स्पर्शिकेचा आणि आधीचे दोन दुरुस्त झाले, तोवर घंटा झाली. दोन तसेच राहिले.

आतोबा सकाळपासून फाटकाबाहेर उन्हात उभे होते. "सुटलं का गं सगळं?" मी सगळ्यांदेखत ओरडले, "तुमच्या व्यासाने माझा घात केला! तिथे त्रिज्या होती!" त्यांनी पिशवीतली शिदोरी माझ्या हातात दिली आणि बसकडे चालू लागले. पुढचे पाच रविवार ते आले नाहीत. आत्या सांगायला आली, "कुकरची शिट्टी झाली तरी शेजारीच बसून असतात. म्हणतात, आता याच्याहून भ्यायचं काय ऱ्हायलं?" ते ऐकून मला माझ्या निकालाइतकीच त्यांच्याबद्दलही भीती वाटायला लागली.

निकाल लागला. यादीत माझं नाव होतं, शेवटून तिसरं. मी घरी न सांगता आधी अंबडची बस पकडली. आतोबांनी यादीतला नंबर माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मग आत जाऊन एक चकती घेऊन आले. हिला मधे भोक नव्हतं. बरोबर मध्यावर टोकदार पंच ठोकून केलेला बारीक ठिपका आणि तिथून कडेपर्यंत एकच रेघ. "ही त्रिज्या," म्हणाले. "तू परीक्षा दिली त्याच दिवशी केली. द्यायला तोंड नव्हतं."

आता मी ड्रॉइंगं काढते आणि ती चकती टेबलावर असते. फाटकापाशी बोलले त्याची माफी मागायला मी पुढे कितीदा गेले. पण मी "आतोबा, त्या दिवशी..." म्हटलं की ते घाबरून, गॅस बंद आहे का बघायला, आत उठून जायचे. गॅस बंदच असायचा. आतोबा गेले, आणि माझं वाक्य तेवढ्यावरच राहिलं.