दादाच्या गाडीची पारख

परवा गाडीच्या पॉलिशचा वास आला आणि कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखालची ती दुपार आठवली. घरात बाळ येणार होतं, म्हणून दादा त्याची जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार विकायला निघाला होता. सायलेन्सरपासून सीटपर्यंत सगळं त्याने हौसेने बदललेलं. उल्हासनगरहून आलेले, जुन्या गाड्या घेणारे सिंधी शेठ वाकून, टॉर्च मारून, पत्र्याला कुठे वेल्डिंग केलंय का ते बघत होते. शेवटी शेठ म्हणाले, "बॉडी कापली नाही, अच्छा है. पण कंपनीचे ओरिजिनल पार्ट कुठे आहेत? ते असले तर पुढे ही क्लासिक होणार. नसले तर भंगार." दादाचा चेहरा उतरला. ते त्याने केव्हाच वहिनीला टाकून द्यायला सांगितले होते. तेवढ्यात, नव्या सायलेन्सरच्या आवाजाला घाबरून त्या गाडीत कधीच न बसणारी वहिनी हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी आहेत, चिखलोलीला. एकही फेकला नाही मी." दादाने विचारलं, "का ठेवलेस?" "वाटलं, कधीतरी तू गाडी पहिल्यासारखी करशील. मग मीपण बसेन." शेठनी टॉर्च खिशात ठेवली. "बेचू नका," एवढंच म्हणाले. ओरिजिनल पार्ट परत बसवून गाडी अजून आमच्याकडेच आहे. हल्ली दादाला बाजूला बसवून वहिनीच चालवते.